ग्रँड कॅन्यनचं राफ्टिंग, पुण्याहून येणारे आई-बाबा आणि ट्रिप कॅन्सलेशनचा विमा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सॅन होजेचं एक कुटुंब पुढच्या जूनमध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये सात दिवसांचं मोटर-राफ्टिंग, म्हणजे मोटर लावलेल्या रबरी बोटीतून नदीचा प्रवास, करणार आहे. नवरा-बायको, १४ वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून येणारे आई-बाबा असे पाच जण. माणशी ३,८०० डॉलर, एकूण १९,०००. माणशी ५०० डॉलर डिपॉझिट ९ दिवसांपूर्वी भरलंय. उरलेली रक्कम निघायच्या १२० दिवस आधी भरायची आणि त्यानंतर रद्द केलं तर काहीही परत नाही. बाबा ६९ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, गेल्या महिन्यात बीपीच्या गोळीचा डोस वाढवलेला. आईचा व्हिसा अजून व्हायचाय. प्रश्न विचारणारे स्वतः एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत. त्यांनी विचारलंय, "राफ्टिंग धोक्याचं म्हणून विमा कंपन्या हात वर करतात का? की क्रेडिट कार्डावर मिळणारं संरक्षण पुरेल आणि वेगळा विमा म्हणजे पैसे वाया?"

मी न्यू जर्सीत १९ वर्षं विम्याचं काम करते आणि त्यातला मोठा भाग प्रवासविम्याचा आहे. गिऱ्हाइकं बरीचशी आपलीच माणसं, त्यामुळे भारतातून येणारे आई-वडील, व्हिसा, स्टॅम्पिंग (पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घेणं) हे सगळं रोजच्या बोलण्यातलं. ग्रँड कॅन्यनला मी स्वतः राफ्टवरून गेले आहे. आधी एक सांगून ठेवते: तुमचं राज्य वेगळं, पॉलिसीची भाषा कंपनीगणिक वेगळी आणि राफ्टिंग कंपनीचा करारही वेगळा. खाली जे दिवसांचे आणि टक्क्यांचे आकडे देते आहे ते बहुतेक ठिकाणी दिसणारे आहेत. तुमच्या पॉलिसीत काय छापलंय ते तुम्हालाच वाचावं लागेल.

तुमच्या प्रश्नात सगळी भीती नदीची आहे. मी इतकी वर्षं जे क्लेम पाहिले, त्यांतली ट्रिप नदीपर्यंत पोचायच्या आधीच मोडलेली असते. आठ महिने आधी बुकिंग होतं आणि त्या आठ महिन्यांत कोणाचा तरी गुडघा जातो, कोणाची नोकरी जाते, सासऱ्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागतं, व्हिसाची मुलाखत पुढे ढकलली जाते. कॅन्सलेशनचा विमा याच काळासाठी असतो. राफ्टवरून पडून हात मोडला तर लागतो तो वैद्यकीय आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा विमा. दोन्ही बहुतेकदा एकाच पॉलिसीत येतात, पण विचार वेगवेगळा करायचा. तुमच्या १९,००० डॉलरांना खरा धोका घरातून आहे आणि त्यातली निम्मी काळजी पुण्यातल्या घराची आहे.

आता सगळ्यात घाईची गोष्ट. तुम्ही डिपॉझिट भरून ९ दिवस झालेत. या विम्यात पहिलं डिपॉझिट भरल्याची तारीख हा सगळ्याचा पाया असतो. विमा केव्हाही घेता येतो, अगदी निघायच्या आदल्या दिवशीही. पण त्यातली सगळ्यात मोलाची दोन कलमं फक्त पहिल्या डिपॉझिटनंतरच्या ठरावीक दिवसांतच मिळतात. काही कंपन्या १४ दिवस देतात, काही २१. एक कलम आधीपासूनच्या आजाराला दिलेली सूट आणि दुसरं 'कॅन्सल फॉर एनी रीझन', म्हणजे कोणत्याही कारणाने रद्द करायची मुभा. १४ दिवस धरले तर तुमच्या हातात पाच दिवस आहेत.

आधीपासूनच्या आजाराचं कलम नीट समजून घ्या, कारण बाबांची गोळी तिथेच येते. आपल्याकडे समज असा असतो की अँजिओप्लास्टी झाली म्हणजे विमा संपला. तसं नसतं. पॉलिसी घेतल्याच्या तारखेपासून मागे ६०, ९० किंवा १८० दिवसांत काय घडलं एवढंच कंपनी बघते. त्या काळात नवीन निदान झालं का, नवी लक्षणं दिसली का, तपासण्या सांगितल्या का, औषध बदललं का. दोन वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टी, त्यानंतर तब्येत ठीक आणि औषधं तीच, तर बऱ्याच पॉलिसींमध्ये ती आडवी येत नाही. आडवी येते ती गेल्या महिन्यात वाढवलेली गोळी. डॉक्टरांनी सहज म्हणून डोस वाढवला असेल, पण कंपनीच्या लेखी तो 'औषधातला बदल' आहे. मग मे महिन्यात बाबांचं बीपी बिघडून ट्रिप रद्द करावी लागली तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

वेळेत घेतलेली सूट नेमकी हाच अडथळा काढून टाकते. तिच्या अटी साधारण तीन. ठरलेल्या दिवसांत पॉलिसी घ्यायची. परत न मिळणाऱ्या सगळ्या रकमेचा विमा काढायचा, अर्ध्याचा नाही. आणि ज्याचा विमा काढताय तो माणूस त्या दिवशी प्रवासाला तंदुरुस्त हवा.

इथे एक जोडपं आठवतं. दोघं न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारे, दोघांच्या तब्येती ठणठणीत. ऑक्टोबरात बुकिंग केलं आणि विमा जानेवारीत घेतला, कारण 'आपल्याला कुठे काय आजार आहे?' जूनमध्ये तिच्या नाशिकच्या वडिलांना दम्याचा मोठा अटॅक आला आणि ती त्याच रात्री निघाली. क्लेम नामंजूर झाला. क्लेमबरोबर जोडलेला डॉक्टरांचा फॉर्म मी त्यांच्याबरोबर बसून वाचला होता. नाशिकच्या डॉक्टरांनी अगदी प्रामाणिकपणे भरला होता. 'औषधात शेवटचा बदल कधी?' या रकान्यात निळ्या शाईने नोव्हेंबरची तारीख लिहिलेली. पॉलिसी जानेवारीतली आणि कंपनी मागे ९० दिवस बघणारी. वडील प्रवासाला येणारच नव्हते, तरी त्यांचा आधीपासूनचा आजार मोजला गेला, कारण ट्रिप त्यांच्या आजारामुळे रद्द झाली होती. तिला हे पटेना आणि पटणार तरी कसं? पण पॉलिसीत ते स्पष्ट छापलेलं होतं. तीच पॉलिसी ऑक्टोबरात बुकिंगच्या आठवड्यात घेतली असती तर सूट मिळाली असती आणि वडिलांची औषधं कोणी विचारली नसती. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच विचारते: घरी राहणाऱ्यांपैकी कोणासाठी तुम्ही ट्रिप सोडून धावत जाल? त्यांच्या तब्येती आधी सांगा.

'कुटुंबीय' या शब्दाची व्याख्याही काढून वाचा. आई-वडील, सासू-सासरे, भावंडं, मुलं, आजी-आजोबा जवळपास सगळीकडे असतात. काका, मावशी, आत्या काही पॉलिसींत आहेत, काहींत नाहीत. चुलतभाऊ सहसा नसतो. तुम्हाला काकांनी वाढवलं असेल तर ही एक ओळ तुमच्यासाठी सगळ्या पॉलिसीइतकी महत्त्वाची आहे. ते कुटुंबीय भारतात राहतात याने सहसा फरक पडत नाही. फक्त आजार इतका गंभीर हवा की डॉक्टर तसं लिहून देतील.

आता आई-बाबांच्या स्वतःच्या तिकिटांचं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सर्वसमावेशक पॉलिसी फक्त इथे राहणाऱ्यांनाच मिळतात. आई-बाबा पाहुणे म्हणून येणार, म्हणजे त्यांच्यासाठी परदेशी नागरिकांना घेणारी वेगळी योजना शोधावी लागेल. तशा आहेत, पण थोड्या, आणि सत्तरीच्या आसपास प्रीमियम बराच चढतो. आणखी एक घोटाळा इथे हमखास होतो. आई-बाबांसाठी आपण 'व्हिजिटर इन्शुरन्स' घेतो आणि समजतो की काम झालं. तो आजारपणाचा विमा आहे. ट्रिप रद्द झाली तर त्यातून राफ्टिंगचे पैसे मिळत नाहीत. शिवाय साहसी खेळांमधल्या दुखापती त्यातल्या बऱ्याच योजनांनी वगळलेल्या असतात, म्हणजे राफ्टवर काही झालं तर तोही कामाला येईलच असं नाही. भारतातून निघताना घेतलेल्या पॉलिसीतली कॅन्सलेशनची रक्कम बहुधा लहान असते. ती ३,८०० डॉलरला पुरते का ते बघा आणि इथे स्वतंत्रपणे बुक केलेली ट्रिप त्यात धरतात का हेही लेखी विचारा.

यातून एक विचित्र स्थिती तयार होते, ती आधीच माहीत असलेली बरी. समजा तुम्ही तिघांनी इथली पॉलिसी घेतली आणि आई-बाबांची कुठलीच नाही. बाबा आजारी पडले आणि ट्रिप रद्द झाली. तुमच्या तिघांचे ११,४०० डॉलर मिळू शकतील, कारण बाबा तुमचे कुटुंबीय. आई-बाबांचे ७,६०० मात्र गेले, कारण ते पैसे तुम्ही भरले असले तरी जागा त्यांच्या आणि त्यांचा विमा नाही. पैसे कोणाच्या कार्डावरून गेले हे कंपनी बघत नाही, विमा कोणाच्या नावाचा आहे ते बघते.

आईच्या व्हिसाबद्दल स्पष्टच सांगते: व्हिसा नाकारला किंवा वेळेत मिळाला नाही, हे नेहमीच्या पॉलिसीत रद्द करण्याचं मान्य कारण नसतं. पासपोर्ट चोरीला गेला तर बऱ्याच ठिकाणी धरतात, व्हिसा नाही. तुमच्यासाठीही तेच. वसंतात स्टॅम्पिंगला भारतात गेलात आणि २२१-जीमध्ये अडकलात, म्हणजे आणखी तपासणीसाठी व्हिसा थांबवून ठेवला, जून आला तरी पासपोर्ट हातात नाही, तर साध्या पॉलिसीतून काही मिळणार नाही. त्यामुळे शक्य असेल तर या ट्रिपच्या आधी स्टॅम्पिंगचा प्रवास ठेवूच नका.

नोकरीचं थोडं वेगळं आहे. कंपनीने काढलं, म्हणजे ले-ऑफ झाला, तर बऱ्याच पॉलिसींमध्ये ते मान्य कारण असतं. पण त्याच मालकाकडे सलग एक ते तीन वर्षं झालेली हवीत, जशी पॉलिसी असेल तशी. नवीन नोकरीत सहा महिनेच झाले असतील तर हे कलम तुमच्या उपयोगाचं नाही. स्वतः राजीनामा दिला तर नाही, आणि नव्या मॅनेजरने रजा दिली नाही हेही चालत नाही, कामाच्या कारणांचं जादा कलम घेतलं असेल तरच. एच-वन-बीवर नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी बघायची असते, त्या दिवसांत कोणाला नदीवर जायचं सुचेल? म्हणून एच-वन-बीवर असलेल्यांना मी हे कलम बोट ठेवून वाचायला लावते.

व्हिसा, स्टॅम्पिंग, रजा, 'आता जायचं मन नाही' या सगळ्याला उत्तर एकच आहे, 'कॅन्सल फॉर एनी रीझन'. नावाप्रमाणे कोणत्याही कारणाने रद्द करता येतं. पण परत मिळतात ५० ते ७५ टक्के, पूर्ण नाहीत. निघायच्या किमान ४८ तास आधी रद्द करावं लागतं, सगळ्या खर्चाचा विमा काढलेला लागतो, आणि प्रीमियम जवळपास दीडपट होतो. साध्या पॉलिसीला ट्रिपच्या किमतीच्या साधारण ४ ते १० टक्के लागतात, वयानुसार. तुमच्या तिघांच्या ११,४०० वर ७ टक्के धरले तर ८०० डॉलर, आणि हे कलम जोडलं तर १,२०० च्या आसपास. मी हे सगळ्यांना घ्यायला सांगत नाही. नोकरी पक्की, ग्रीन कार्ड हातात, सगळे व्हिसे झालेले, अशा कुटुंबाला साधी पॉलिसी पुरते. तुमच्या बाबतीत आईचा व्हिसा आणि तुमचा स्वतःचा व्हिसा अशी दोन अनिश्चितं आहेत, म्हणून मी ते जादा ४०० डॉलर घालेन.

क्रेडिट कार्डाचं संरक्षण खोटं नाही. चांगल्या कार्डांवर माणशी १०,००० डॉलरपर्यंत कॅन्सलेशन मिळतं, तेही वेगळे पैसे न देता, फक्त ट्रिपचे पैसे त्याच कार्डावरून भरलेले हवेत. तरुण, निरोगी जोडप्याने वीकेंडला कुठे जायचं ठरवलं तर मी सांगते, वेगळा विमा नको, कार्ड पुरे. तुमचं तसं नाही. आधीपासूनचे आजार कार्डवाले बहुधा वगळतात आणि त्यावर सूट मिळवायचा मार्ग ठेवत नाहीत. व्हिसा नाही, नोकरी बहुधा नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, राफ्टिंगचा. काही पॉलिसी व्हाइटवॉटर (उसळत्या पाण्यातलं) राफ्टिंग साहसी खेळ म्हणून वगळतात, काही ठरावीक श्रेणीपर्यंत धरतात, काही जादा पैसे घेऊन धरतात. गोंधळ पुढे होतो. जगभर रॅपिडच्या, म्हणजे नदीतल्या वेगाने उसळणाऱ्या पाण्याच्या टप्प्यांच्या, श्रेणी १ ते ६ अशा मोजतात आणि पॉलिसीतही तेच असतं, उदाहरणार्थ 'चौथ्या श्रेणीपर्यंत'. ग्रँड कॅन्यनमध्ये मात्र जुनी १ ते १० ची मोजणी चालते. लाव्हा फॉल्स या तिथल्या मोठ्या रॅपिडला १० म्हणतात. कागद बघणाऱ्या क्लेम अधिकाऱ्याने '१०' वाचलं तर त्याने काय समजायचं? म्हणून विमा घ्यायच्या आधी कंपनीला मेल करा: 'कोलोरॅडो नदी, ग्रँड कॅन्यन, लायसन्सधारक कंपनीबरोबर गाइडसह राफ्टिंग, दुखापत आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढणं धरता का?' उत्तर मेलवरच घ्या. फोनवरचं 'हो मॅडम, कव्हर्ड आहे' पुढे कोणाला आठवत नाही.

हे का महत्त्वाचं, ते तिथे गेल्यावर कळतं. मी वल्ह्याच्या राफ्टने गेले होते. राफ्ट जिथून निघतात त्या लीज फेरीला सकाळी राफ्टमध्ये बसायच्या आधी पाण्यात हात घातला तर मिनिटाभरात बोटं बधिर. वर ग्लेन कॅन्यन धरण आहे आणि त्याच्या खोल तळातलं पाणी नदीत सोडतात, त्यामुळे डोक्यावर चाळीस अंशांचं ऊन आणि पायाखाली बर्फासारखं पाणी. लाव्हा फॉल्स १७९ व्या मैलावर. तिथे गाइडनी राफ्ट आधी काठाला लावले आणि खडकावर चढून बराच वेळ नुसते पाण्याकडे बघत उभे राहिले. आवाज इतका होता की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. त्या ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, रस्ता नाही. कोणाला छातीत दुखलं तर गाइड सॅटेलाइट फोनवरून मदत मागवणार आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत काही तास जाऊ शकतात.

म्हणून बाबांबद्दल विम्यापलीकडचं एक बोलते, राग मानू नका. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारायच्या आधी त्यांची पॉलिसी घेऊ नका. सात दिवस, जूनची उष्णता, थंड पाण्याचे सपकारे, रात्री वाळूवर झोपणं, रोज सामान चढवणं-उतरवणं, हे सगळं त्यांना सांगा. 'बोटीची सहल आहे' एवढंच सांगितलं तर ते हो म्हणतील. राफ्टिंग कंपनीही वैद्यकीय माहितीचा फॉर्म मागतेच. डॉक्टर हो म्हणाले तर तसं तारखेसह दोन ओळींत लिहून घ्या. तंदुरुस्त असण्याची जी अट वर सांगितली, तिला तो कागद आधार देतो. नको म्हणाले, तर ग्लेन कॅन्यन धरणापासून लीज फेरीपर्यंत १५ मैलांची अर्ध्या दिवसाची शांत पाण्यातली सफर आहे. त्यात रॅपिड नाहीत, हॉर्सशू बेंड हे नालेच्या आकाराचं वळण खालून दिसतं, आणि आई-बाबांना ती तुमच्याबरोबर आरामात करता येईल. मग सात दिवसांची ट्रिप तुम्ही तिघंच करा. डिपॉझिटचे हजार डॉलर गेले तरी बाकीचे ६,६०० वाचतील.

ज्या गोष्टींवर विमा सहसा पैसे देत नाही त्याही माहीत असाव्यात. पाणी कमी आहे, ऊन फार आहे, धूर आहे, बातम्या वाचून भीती वाटते, यांतलं काहीही साध्या पॉलिसीत चालत नाही. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं आणि ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्क १ तारखेला बंद झालं, १२ तारखेला ॲरिझोनाने स्वतः पैसे भरले तेव्हा उघडलं. २०२० मध्ये कोविडमुळे १ एप्रिलला पार्क बंद झालं. २०२५ च्या जुलैत ड्रॅगन ब्राव्हो नावाच्या वणव्यात नॉर्थ रिमवरचं (उत्तर काठावरचं) ग्रँड कॅन्यन लॉज जळालं आणि तिथल्या पाणी-शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन वायू गळल्यावर नदीवरच्या राफ्टना कॅन्यनच्या तळाशी असलेल्या फँटम रँच या मुक्कामाच्या ठिकाणी न थांबता पुढे जायला सांगितलं गेलं. अशा वेळी पहिला आधार राफ्टिंग कंपनीचा करार असतो. पार्क बंद झालं किंवा कंपनीनेच ट्रिप रद्द केली तर पूर्ण पैसे परत, की फक्त पुढच्या वर्षीचं क्रेडिट, हे करारात शोधा. क्रेडिट मिळालं की विमा कंपनी म्हणते, तुमचं नुकसानच झालेलं नाही. राफ्टिंग कंपनीला आणखी दोन गोष्टी विचारा: आईच्या जागी दुसऱ्या माणसाचं नाव घालता येतं का, आणि रद्द केलेली जागा त्यांनी दुसऱ्याला विकली तर पैसे परत देतात का? काही देतात. त्या एका उत्तराने व्हिसाची अर्धी काळजी मिटेल.

विमान चुकण्याचंही सांगते, कारण राफ्ट थांबत नाही. सकाळी निघाले की निघाले, मागून रस्त्याने गाठायची सोय नाही. आदल्या रात्री जिथे जमायला सांगितलंय तिथे किमान एक दिवस आधी पोचा. विमान रखडलं तर विमा पैसे देईल, सात दिवस देणार नाही.

पैसे कसे लावायचे याबद्दल. आज तुमचे फक्त २,५०० डॉलर अडकलेत. बऱ्याच पॉलिसी आज डिपॉझिटएवढाच विमा काढू देतात आणि पुढचा हप्ता भरला की ठरावीक दिवसांत रक्कम वाढवू देतात, तरीही पहिल्या तारखेची सूट टिकते. तसं चालेल का ते विचारा. चाललं तर प्रीमियमचा मोठा भाग आईचा व्हिसा कळल्यावरच जाईल. हप्ता भरून रक्कम वाढवायला विसरलात तर सूट हातची जाईल, म्हणून कॅलेंडरमध्ये हप्ता भरायची आणि रक्कम वाढवायची अशा दोन तारखा टाका, बायकोच्या फोनमध्येही. विमानाची तिकिटं क्रेडिट देणारी असतील, हॉटेल फुकट रद्द होणारं असेल, तर त्यांचा विमा काढू नका. पॉलिसी हातात आल्यावर साधारण १० ते १५ दिवस ती परत करून पूर्ण पैसे घेता येतात. त्या दिवसांत वर सांगितलेली कलमं काढून वाचा. राफ्टिंग कंपनीच्या लिंकवर जी पॉलिसी दिसते ती वाईट असतेच असं नाही, पण सात मिनिटांत आणखी दोन-तीन कोट, म्हणजे प्रीमियमचे दर, काढून तुलना करता येते.

शेवटी, वेळ आलीच तर. एका गिऱ्हाइकाचा पहाटे पाचला फोन आला होता. साताऱ्याला आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन उद्या. राफ्टिंगला अकरा दिवस होते. तो म्हणाला, "ताई, चार दिवस बघतो, मग ठरवतो." मी त्याला त्याच सकाळी राफ्टिंग कंपनीला लेखी कळवायला लावलं. रद्द करायला उशीर केला आणि त्या उशिरामुळे कापली जाणारी रक्कम वाढली, तर वाढलेला भाग विमा देत नाही. मग भारतात जायच्या गडबडीत त्याने फक्त तीन कागद जमवायचे ठरवलं: दाखल झाल्याचा कागद, ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं पत्र, आणि राफ्टिंग कंपनीकडून 'अमुक रक्कम परत मिळणार नाही' असं लिहिलेलं. बहिणीने व्हॉट्सॲपवर डिस्चार्ज समरीचा फोटो पाठवला, त्यात नेमकी तारखेवर तिच्या अंगठ्याची सावली पडली होती. तो परत मागवला. सहा आठवड्यांत पूर्ण रक्कम मिळाली. आजारी प्रवासी स्वतः असेल तर आणखी एक: रद्द करायच्या आधी डॉक्टरला भेटा आणि 'प्रवास करू नये' हे त्या तारखेला लिहून घ्या. आधी रद्द केलं आणि आठवड्याने डॉक्टरकडे गेलात, तर तो क्लेम सोडवणं फार अवघड जातं.

तर या पाच दिवसांत तुमचं काम असं. आज बाबांना फोन करून डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगा आणि गोळी नेमकी कोणत्या तारखेला वाढवली ते विचारून लिहून ठेवा. उद्या राफ्टिंग कंपनीला नाव बदलण्याबद्दल आणि जागा पुन्हा विकण्याबद्दल मेल करा. परवा तुमच्या तिघांसाठी आधीपासूनच्या आजाराची सूट आणि 'कॅन्सल फॉर एनी रीझन' असलेले तीन कोट काढा, आई-बाबांसाठी परदेशी नागरिकांना घेणारे वेगळे काढा, आणि राफ्टिंगचा मेल त्या सगळ्यांना एकदमच टाका. पुण्याच्या डॉक्टरांचं उत्तर यायला उशीर होत असेल तर बाबांचं नंतर बघता येईल, पण तुमच्या तिघांची पॉलिसी १४ व्या दिवसाच्या आत घेऊन टाका. कोटमध्ये मागे किती दिवस बघतात आणि कुटुंबीयांची व्याख्या काय आहे, ते दोन परिच्छेद इथे टाकलेत तर मी वाचून सांगेन.